शेवटचा फर्मा

प्रिय रेवा आणि निखिल,

काल खुटबावहून हुरड्याची पिशवी आली. दरवर्षी संक्रांत झाली की आठ-दहा दिवसांत येते. कोवळी, दाणा भरलेली ज्वारीची कणसं ओल्या फडक्यात गुंडाळलेली असतात आणि वर लसणाच्या चटणीची पुडी असते. मी ती पिशवी ओट्यावर ठेवली आणि फोन बघितला, तर त्यात, रेवा, तुझा निरोप. तुला तिकडच्या कुठल्याशा ग्रंथालयाच्या संग्रहात एक जुनी मराठी पुस्तिका सापडली, 'अंबूताई: एक जीवन', आणि खाली लेखिका म्हणून माझं लग्नाआधीचं नाव. तू लिहिलंस की शेवटचं पान तू दोनदा वाचलंस, ते इंग्रजीत करून मैत्रिणींना ऐकवणार आहेस. आणि विचारलंस, "आजी, तू स्वतः तिथे होतीस?"

होते. तिथे होते म्हणूनच हे लिहायला बसले आहे. त्या पानावर जे छापलं आहे ते तसं घडलं नाही.

तुम्हाला माझी सवय माहीत आहे. माझ्या डाळीच्या डब्यांवर चिठ्ठ्या असतात, दिव्याची बिलं महिन्यांप्रमाणे लावलेली असतात, आणि निखिल लहानपणी चिडवायचा की आजी स्वप्नंसुद्धा तारखेनुसार बघते. पण माझ्या आयुष्यातला हा एक हिवाळा मला कधी नीट लावता आला नाही. तीनदा लिहायला घेतला आणि तिन्ही वेळा वेगळा झाला. आता चौथ्यांदा.

तेव्हा मी वीस-एकवीस वर्षांची होते. पुण्याहून इंग्रजी घेऊन बी.ए. झाले होते आणि शिरूरला घरी परतले होते. वडील इंग्रजी शाळेत शिकवत. शिरूरला तेव्हा निम्मे लोक घोडनदीच म्हणत. माझं लग्न वैशाखात ठरलं होतं, तोवर करायला काही नव्हतं. अंबूताईंना सत्तर पुरी होणार म्हणून गावातल्या महिला मंडळाने सत्काराचा बेत केला आणि त्यांच्या आयुष्यावर एक छोटी पुस्तिका काढायचं ठरवलं. लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी रिकामी होते आणि माझं अक्षर चांगलं होतं.

अंबूताई कोण, हे तुम्हाला ठाऊक असायचं कारण नाही. आमच्या भागात त्या बायकांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या पहिल्या. नवव्या वर्षी विधवा झाल्या, सासर धड पाहिलंही नव्हतं. वडिलांच्या घरी परत आल्या, लपूनछपून वाचायला शिकल्या, पुढे पुण्याला जाऊन शिक्षिका झाल्या आणि शिरूरला येऊन बायकांसाठी वर्ग काढला. नवऱ्याने टाकलेल्या, विधवा, घरातून हाकललेल्या बायका त्यांच्या दोन खोल्यांत राहून शिकत. लोकांनी त्यांच्या दारात शेण टाकलं, विहिरीवर पाणी भरू दिलं नाही. हे सगळं मी पुस्तिकेत लिहिलं आहे, आणि तेवढं खरं आहे.

मी वही, दोन पेन्सिली आणि फूटपट्टी घेऊन रोज सकाळी त्यांच्या ओसरीवर जायची. हवा गार असायची. गावाबाहेरच्या शेतांतून आगटीचा धूर यायचा, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं भाजल्याचा गोडसर करपट वास. आज इथे हमरस्त्यावर हुरडा पार्टीच्या पाट्या लागतात, तंबू, गाणी, बैलगाडीतून फेरी. त्यातून जाताना गाडीची काच खाली केली तर तोच वास येतो, आणि मला एकदम हातात फूटपट्टी असल्यासारखं वाटतं.

"वाचायला कोणत्या साली शिकलात, ताई?"

"साल कोण धरून बसलंय. आमच्या कपिलीला पहिली कालवड झाली, त्या साली."

"आणि शिकवलं कुणी?"

"आबांनी. सुपात ज्वारी पसरून बोटानं अक्षरं काढायचे."

दोन दिवसांनी पुन्हा विचारलं तर म्हणाल्या, धाकट्या भावाच्या पाटीवरून चोरून शिकले, वडिलांना, म्हणजे आबांना, कळलं तेव्हा त्यांनी पाटी फोडली. मी गोंधळून मागची पानं उलटली. "ताई, परवा तर तुम्ही आबांनी शिकवलं म्हणालात."

"शिकवलं की. आन् पाटी बी फोडली." त्या सुपारी कातरत होत्या. "सुमन, माणूस एकच काम करतं का जन्मभर?"

मी दोन्ही लिहिलं, आणि समासात प्रश्नचिन्ह काढलं. ती वही प्रश्नचिन्हांनी भरली आहे.

एक गोष्ट मात्र त्या प्रत्येक वेळी सारखीच सांगत. बाजाराच्या दिवशी त्या बाजारतळावर निंबाखाली पाटी घेऊन बसायच्या. भाजी, कोंबड्या, दोर विकायला आसपासच्या गावांतून बायका यायच्या. अंबूताई त्यांना मुळाक्षरं शिकवत नसत, फक्त त्यांचं स्वतःचं नाव शिकवत. एका बाईला एक नाव. चार-पाच बाजार झाले की बाई सही करून दाखवायची. त्याला गावात सहीचा वर्ग म्हणत. कुणी हिणवायचं, कवठ्याच्या माळणी आता हुंडी वटवणार म्हणून. अंबूताईंचं म्हणणं एकच: "अंगठा कुणीबी धरून टेकवतं. झोपलेल्या बाईचा टेकवलाय, मेलेल्या बाईचा टेकवलाय. सही कराया आपलाच हात लागतो."

हे वाक्य मी पुस्तिकेच्या पहिल्या पानावर घातलं. तेव्हा ते मला अगदी स्पष्ट वाटलं होतं.

आता सरू. सरू त्या वेळी तिशीची असेल. नवऱ्याने दुसरी केली आणि हिला घराबाहेर काढलं, तेव्हापासून ती अंबूताईंकडे राहत होती. उंच, रापलेली, बोलायला फटकळ. शिक्षिका व्हायचं तर फायनलची, म्हणजे सातवीची, परीक्षा पास व्हावी लागे. ती एकदा गणितात नापास झाली होती आणि चैत्रात पुन्हा बसणार होती. मी तिला त्रैराशिक शिकवायची. "सुमनताई," ती म्हणायची, "सात मजूर नऊ दिवसांत भिंत बांधत्यात म्हणं. त्यातले दोन तंबाखूला बसले तर? ते इचारत न्हाईत तुमच्या पुस्तकात."

त्या पावसाळ्यात तिचे वडील गेले होते, त्यांनाही घरात आबाच म्हणत. ते दौंड तालुक्यातल्या खुटबावचे शेतकरी. मुलींनाही बापाच्या इस्टेटीत वाटा देणारा कायदा नुकताच झाला होता, आणि सरूच्या वाट्याला विहिरीजवळची दोन एकर येत होती. सरू पास झाली नाही तर तिची जन्मभराची भाकरी म्हणजे ती जमीनच होती. पण आमच्याकडे एक रीत पडली, ती आजही आहे. बहीण एका कागदावर सही करून देते की माझा हक्क मी सोडला, भावाला दिला. त्याला हक्कसोड म्हणतात. कुणी जबरदस्ती करत नाही, तशी गरजच पडत नाही. वाटा घेतला तर माहेर तुटतं एवढं प्रत्येकीला माहीत असतं. दुखण्याला, बाळंतपणाला, दिवाळीला जिथे जायचं ते घर बंद होतं.

सरूचा भाऊ ज्ञानोबा याचा निरोप आला की शुक्रवारी दौंडच्या कचेरीत कागद करायचा आहे, ये.

सोमवारी संध्याकाळी आम्ही तिघी ओसरीवर होतो. सरू पाटीवर त्रैराशिक मांडत होती. मान वर न करता म्हणाली, "ताई, म्या न्हाई सही करायची. दोन एकर म्हंजी माझी भाकर हाय."

मला इतका आनंद झाला की मी वही उघडली. आपला हक्क सोडू नका, अंबूताईंनी चाळीस वर्षं गावोगाव जाऊन हेच तर सांगितलं होतं, पाबळला, कवठे येमाईला, जिथे बायका जमतील तिथे. मी त्यांच्याकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "शुक्रवारी बघू," आणि दिवा लावायला आत गेल्या. हे मला नक्की आठवतं. तेव्हा मी त्याकडे लक्ष दिलं नाही, हेही आठवतं.

आता छापखान्याचं सांगते, कारण चूक तिथे झाली. तुम्हाला छपाई म्हणजे बटण दाबायचं. तेव्हा शिशाचा एकेक खिळा, म्हणजे एकेक अक्षर, हाताने उचलून ओळ जुळवावी लागे. चार पानं जुळली की लोखंडी चौकटीत आवळायची, तो फर्मा. फर्मा छापून झाला की खिळे सुटे करून परत खणांत टाकायचे, म्हणजे पुढची पानं जुळवता येतात. आमच्या छापखान्यात खिळे जेमतेम दोन फर्म्यांपुरते. जुळणी करायचे रहीमचाचा. त्यांच्या चार पिढ्या शिरूरच्याच. चष्म्याला दोरा बांधलेला, आणि माझ्या लेखनात कोणतं अक्षर जास्त येतं ते त्यांना माझ्यापेक्षा ठाऊक होतं.

"बेटा, तुझ्या 'स्त्री'नं माझा खण रिकामा केला," ते म्हणायचे. "थोडं 'बाई' लिहीत जा."

मंगळवारी मी गेले तेव्हा पाच फर्मे छापून झाले होते. शेवटचा राहिला होता. सत्कार रविवारी होता.

"चाचा, शेवटची पानं शनिवारी देते. शुक्रवारी दौंडला एक गोष्ट व्हायची आहे, तिनेच शेवट करायचाय."

"शनिवारी?" त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. "बेटा, गुरुवारी मला खिळे मोकळे पाहिजेत. अर्ध्या घोडनदीच्या लग्नपत्रिका पडल्यात माझ्याकडं. लगीनसराई कुणाच्या आत्मचरित्रासाठी थांबत न्हाई."

"आत्मचरित्र नाही, चरित्र."

"तेच ते. मजकूर आज दे, न्हाई तर वीस पानांवर थांबव."

मी तिथेच, कागदाच्या रिमांवर बसून शेवट लिहिला. सरूने सोमवारी सांगितलं होतंच. शुक्रवारी काय घडणार ते मला माहीत होतं, फक्त ते अजून घडायचं होतं. मी लिहिलं की दौंडच्या कचेरीत भावाने कागद पुढे केला, सरूबाईंनी तो शांतपणे पूर्ण वाचला आणि परत त्याच्या हातात देऊन म्हटलं, "दादा, माझा वाटा माझ्याजवळ राहू दे." आणि अंबूताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. रेवा, तू दोनदा वाचलंस ते हे.

शुक्रवारी आम्ही तिघी एसटीने दौंडला गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ज्वारी माणसाच्या वर गेलेली, गोफणीने पाखरं हाकणाऱ्यांच्या आरोळ्या. दौंड म्हणजे रेल्वेचं गाव. वाफेच्या इंजिनांचा काळा धूर, कोळशाची कच दातांत यायची. कचेरीच्या आवारात निंबाखाली ज्ञानोबा आणि त्याची बायको आधीच येऊन बसले होते, खुटबावहून सकाळच्या पॅसेंजरने. मी मनात एक अरेरावी करणारा भाऊ रंगवून आले होते. समोर होता तो खांद्यावर उपरणं टाकलेला बुटका, लाजरा माणूस. त्याने अंबूताईंच्या पायाला हात लावला आणि सरूकडे न बघता म्हणाला, "आलीस व्हय."

त्याच्या बायकोने गाठोडं सोडलं. त्यात हुरडा होता. पहाटे शेतात भाजून, चोळून, फडक्यात बांधून आणलेला. हुरडा गरम खायचा असतो, गार झाला की चिवट होतो. तो पार गार झाला होता.

"खा की, वन्सं," ती म्हणाली. "आबांच्या हिरीजवळचा हाय. यंदा पयला मोडला."

"इथं कचेरीत हुरडा?" सरू म्हणाली.

"मग कुठं? घरी येतीस का? पाच वरसं झाली."

"बोलावलंय कुणी?"

ज्ञानोबा जमिनीकडे बघत म्हणाला, "आबा व्हते तवा त्यांनी बोलावू दिलं न्हाई. नवरा सोडून आलेली म्हनून. आता म्या बोलावतो. तुझी ती पडवीची खोली हाय, शेणानं सारवून ठेवलीय."

सरू हुरडा चघळत होती. बराच वेळ. तिच्या गालाचं हाड वरखाली होताना मला अजून दिसतं. मग ती अंबूताईंकडे वळली. त्या कचेरीच्या दगडी पायरीवर पदर डोक्यावर ओढून बसल्या होत्या.

"ताई, काय करू?"

मला वाटलं, आता. मी अक्षरशः पेन्सिल काढली.

अंबूताईंनी तळहातावर हुरडा घेतला, एक दाणा तोंडात टाकला, आणि ज्ञानोबाच्या बायकोला विचारलं, "चटणीत खोबरं घातलंस का गं?"

"न्हाई जी. शेंगदाणं."

"चांगली झालीय."

एवढंच. मी त्या वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत होते, आणि तरी आज मला सांगता येत नाही की त्यांनी मान हलवली की नाही. पहिल्यांदा लिहिलं तेव्हा हलवली असं लिहिलं होतं, होकाराची. दुसऱ्यांदा नकाराची. त्या म्हाताऱ्या होत्या, त्यांची मान तशीही थोडी हलायची.

आत कारकुनाने कागद वाचून दाखवला. ज्ञानोबाने अंगठा दिला, शाई उपरण्याला पुसली. सरूसाठी कारकुनाने शाईची डबी तशीच पुढे सरकवली. तिने ती बाजूला केली आणि टाक मागितला. सावकाश, सगळ्या काना-मात्रांसकट, वळणदार अक्षरात तिने पूर्ण नाव लिहिलं.

"वा," कारकून म्हणाला. "आज दिवसभरात पहिली सही. बाकी सगळे अंगठेच."

अंबूताई मागे उभ्या होत्या. त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "अक्षर चांगलं आलंय."

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले. मला रडू येत होतं आणि रागही, आणि राग नेमका कुणाचा ते कळत नव्हतं. वहिनीने दिलेलं हिरवं लुगडं सरूच्या मांडीवर होतं. न्हावऱ्याच्या आसपास ती आपणहून म्हणाली, "सुमनताई, त्यानं खोली सारवलीय म्हनला." जणू मी काही विचारलं होतं.

शनिवारी सकाळी मी छापखान्यात धावले. पुस्तिका शिवून तयार होत्या, सुतळीने बांधलेल्या. रहीमचाचा खिळे जुळवत होते. "शेवटचा फर्मा? तो कवाच सुटला बेटा. तुझी सरूबाई आता ह्या पत्रिकेत हाय." त्यांनी चौकट दाखवली. कुणाच्या तरी लग्नाचं आग्रहाचं निमंत्रण उलट्या अक्षरांत जुळलेलं होतं.

मी एक पुस्तिका घेऊन अंबूताईंकडे गेले आणि सगळं सांगून टाकलं. शेवटचं पान फाडून टाकू, म्हटलं, प्रत्येक प्रतीतलं, मी स्वतः बसून फाडते.

"पान सरूचं हाय. सरूला विचार," त्या म्हणाल्या.

सरू चुलीपुढे होती. तिने हात पुसले, पुस्तिका घेतली आणि बोट ओळीखाली धरून वाचली. मी उभीच. वाचून झाल्यावर पुन्हा वरून सुरू केली.

"ही बाई बरी बोलते," ती म्हणाली. "कुठं राहती?"

"सरू, मला माफ कर. मी पान फाडते."

तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. "नगा. राहू द्या. दादाला काय वाचता येत न्हाई."

रविवारी सत्कार झाला. पाहुण्यांनी भाषणाच्या शेवटी तेच पान मोठ्याने वाचलं. टाळ्या पडल्या. कुणीतरी म्हणालं, सरूबाई कुठे आहेत, उभ्या राहा. ती उभी राहिली, माहेरचं ते हिरवं लुगडं नेसून, आणि हात जोडले. अंबूताई व्यासपीठावर हार गळ्यात घालून बसल्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. म्हणजे माझ्या पानावरचं तेवढं एक वाक्य, दोन दिवस उशिरा, खरं झालं.

वैशाखात माझं लग्न झालं आणि मी पुण्याला आले. सरू चैत्रातल्या परीक्षेत पास झाली, आणि पाबळला शिक्षिका लागली. आपले सात मजूर तिला पावले. दर दिवाळीला ती खुटबावला जायची. ज्ञानोबा दर पौषात हुरडा घेऊन पाबळला यायचा, शाळेच्या पायरीवर बसून राहायचा, मधली सुट्टी होईपर्यंत. हे तिने मला पत्रांतून कळवलं आहे. तिची पत्रं माझ्याकडे आहेत, वर्षांप्रमाणे लावलेली.

मग एक हुरड्याचा हंगाम आला, निखिल, तुझ्या बाबांच्या वेळचा. मी बाळंतपणाला माहेरी, शिरूरला आले होते. बाळ वीस दिवसांचं होतं. शेगडीवर ओव्याची धुरी चालली होती, खोली धुराने भरलेली, आणि दारात एक अनोळखी बाई येऊन उभी राहिली. हातात ती पुस्तिका, कोपरे झिजलेली.

"पुस्तक लिवणाऱ्या बाई तुम्हीच का? अंबूताईकडं गेलते. त्या झोपूनच असत्यात आता. म्हनल्या, लिवणारीला इचार."

तिचं नाव गिरजा, कवठे येमाईची. ती सहीच्या वर्गात नाव लिहायला शिकली होती, आणि मग त्या नावावरून पुढे वाचायला. ती बसली, बाळाची दृष्ट काढत बोटं मोडली आणि विचारलं, "ही सरूबाई खरी हाय का?"

माझ्या मांडीवर बाळ होतं. मागे माझी आई लसूण सोलत होती.

"हो," मी म्हटलं.

"मग झालं." तिचे खांदे खाली आले. "म्या बी तसंच केलं. भावानं कागद आणला, म्या वाचला आन् परत दिला. तेच बोलले, दादा, माझा वाटा माझ्याजवळ राहू दे. दीड एकर हाय. नवरा वारलाय माझा, पदरात पोरगी." तिने पुस्तिकेचा झिजलेला कोपरा सरळ केला. "दोन वरसं झाली. भाऊ बोलत न्हाई. भाऊबीजेला मी ताट करून ठिवते, येत न्हाई. म्हनून इचाराया आले. सरूबाईचा भाऊ बोलाया लागला का परत?"

मी काय सांगायला हवं होतं? जी सरू बोलली तिला भाऊ नव्हता, ती कागदावरच होती. जिला भाऊ होता ती बोलली नव्हती. मी दोघींची मिळून एक केली.

"हो," मी म्हटलं. "दरवर्षी हुरडा घेऊन येतो."

गिरजा हसली. तिच्या समोरच्या दातांत फट होती. "किती वरसांनी आला?"

"मला नक्की माहीत नाही."

"असू दे. येतो म्हंजी झालं. मी वाट बघीन."

आईने तिला डिंकाचा लाडू दिला, आणि ती निघून गेली. मी तिच्या मागे गेले नाही. ओली बाळंतीण होते, असं मी स्वतःला नंतर पुष्कळदा सांगितलं.

अंबूताई त्याच उन्हाळ्यात गेल्या. मी त्यांना शेवटचं भेटले तेव्हा विचारलं, दौंडला तुम्ही का बोलला नाहीत. त्यांनी डोळे मिटूनच उत्तर दिलं, "मी बोलले असते तर ती सही माझी झाली असती." ते ऐकून मला क्षणभर सगळं उलगडल्यासारखं वाटलं. घरी येईपर्यंत पुन्हा विस्कटलं. सरूची सही तिचीच होती हे कबूल, पण त्या सहीत ती सारवलेली खोली होती, गार हुरडा होता, पाच वर्षं बंद राहिलेलं दार होतं. मग तो हात किती तिचा? आणि गिरजाचा नकार तरी किती गिरजाचा? तो तर मी कागदाच्या रिमांवर बसून, खिळे मोकळे करायच्या घाईत लिहिलेला.

आणखी एक सांगायचं राहिलं आहे, तेही सांगते. माझे वडील गेल्यावर वसंताने, माझ्या भावाने, शिरूरच्या घराचा कागद आणला. आम्ही पुण्यात याच टेबलाशी बसलो होतो. मी, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, अंबूताईंचं चरित्र लिहिणारी, तिने तो कागद वाचलासुद्धा नाही. सही केली आणि म्हटलं, चहा गार होतोय. वसंता दर भाऊबीजेला येत राहिला, शेवटपर्यंत. त्याच्या येण्याची मी वाट बघायची आणि तो आला की मला बरं वाटायचं. यात खोटं काहीच नव्हतं.

रेवा, तू ते पान इंग्रजीत करावंस की नाही, मला ठरवता येत नाही. खाली टीप घाल असं म्हणणार होते, पण टिपेत काय घालायचं तेही ठरत नाही. तू माझ्यापेक्षा शहाणी आहेस, बघ काय ते.

काय उरलं आहे तेवढं सांगते. पुस्तिकेची एक प्रत माझ्या कपाटात आहे, शेवटच्या पानासकट. सरू आता नाही, ज्ञानोबाही नाही. विहिरीजवळची ती दोन एकर ज्ञानोबाच्या नातवाकडे आहे आणि आत्याआजीच्या मैत्रिणीला म्हणून तो हुरडा पाठवतो. गिरजाची दीड एकर तिच्या लेकीकडून नातीच्या नावावर गेली. ती नात या दिवाळीत येऊन भेटून गेली, तेव्हा सातबाऱ्याचा उतारा दाखवायला घेऊन आली होती. तिच्या आजीकडे भाऊ कधी आला का, हे मी तिला विचारलं नाही. तिने सांगितलंही नाही. तिच्या शेतात यंदा ज्वारी आहे.